प्राथमिक शाळेतील मुले आणि इंटरनेट : ऑनलाइन सुरक्षिततेसाठी पालकांनी काय करावे?

मुलाला मोबाइल द्यायचा की नाही, हा प्रश्न आता बऱ्याच घरांत मागे पडला आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाइलवर आली. शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी गृहपाठ, सूचना, पाठांतराचे व्हिडिओ हे सारे बऱ्याच ठिकाणी व्हॉट्सॲप ग्रुपवरच राहिले. त्यामुळे पहिली ते पाचवीच्या मुलाकडे स्वतःचा फोन नसला, तरी आईचा, बाबांचा किंवा आजोबांचा फोन त्याच्या हातात येतोच.

पालक आम्हा डॉक्टरांना बहुतेकदा विचारतात, "कोणते ॲप टाकले म्हणजे मूल सुरक्षित राहील?" अशी ॲप आणि सेटिंग आहेत, ती जरूर वापरावीत. त्यांची माहिती पुढे दिली आहे. पण सहा ते दहा वर्षांच्या मुलाचे सर्वांत मोठे संरक्षण फोनमध्ये नसते. फोनवर काही विचित्र दिसले किंवा कोणी काही विचित्र मागितले, तर मूल त्याच दिवशी तुमच्याकडे येऊन सांगेल का, यावर पुढचे बरेच काही ठरते.

या वयात धोका वेगळा का असतो?

सहा ते दहा वर्षांची मुले फोन सराईतपणे चालवतात. त्यामुळे त्यांना सगळे कळते असा मोठ्यांचा समज होतो. पण बोटांचे कौशल्य आणि माणसे ओळखण्याची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

- या वयातील मुले समोर दिसते तेच खरे मानतात. गेममध्ये कोणी "मी पण चौथीत आहे" असे लिहिले, तर लिहिणारा चौथीतलाच आहे असे त्यांना वाटते.
- जाहिरात कोणती आणि खरी माहिती कोणती, हा फरक लहान मुलांना नीट करता येत नाही. "मोफत बक्षीस" म्हटले की ते मोफतच वाटते.
- मोठ्या माणसाने सांगितलेले ऐकायचे, हे आपणच त्यांना शिकवलेले असते. त्यामुळे "हे कोणाला सांगू नकोस" ही सूचनाही ती पाळतात.
- आवेग रोखणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. आठ वर्षांच्या मुलाकडून तेवढ्या सावधपणाची अपेक्षा करता येत नाही.

या वयाचा एक फायदाही आहे. या मुलांना आई-बाबांशी बोलायला आवडते. आता लागलेली सांगण्याची सवय पुढे किशोरवयात उपयोगी पडते.

धोके कोणते?

धोक्यांचे ढोबळपणे चार प्रकार करता येतात.

१. नको ते दिसणे. हिंसक, अश्लील किंवा भीतीदायक व्हिडिओ. मुलाने ते शोधलेले असतीलच असे नाही. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, रील सरकवता सरकवता काहीही समोर येते. कुटुंबाच्या किंवा मित्रांच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ फोनच्या गॅलरीत साठतो आणि फोटो बघताना मूल तो उघडते.

२. नको त्या माणसाशी संपर्क. अनेक गेममध्ये खेळताना अनोळखी लोकांशी लिहून किंवा बोलून संवाद करता येतो. मुलांचे लैंगिक शोषण करू पाहणारी व्यक्ती सहसा घाई करत नाही. आधी खेळात मदत, मग कौतुक, मग गेममधली भेट, मग "आपण व्हॉट्सॲपवर बोलू", मग "आईला सांगू नकोस", आणि त्यानंतर फोटोची मागणी. हा क्रम पालकांनी लक्षात ठेवावा. गुपित ठेवायला सांगणे आणि एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर बोलावणे या सर्वांत स्पष्ट खुणा आहेत. अशी व्यक्ती अनोळखीच असते असे नाही. ती ओळखीतली, नात्यातलीही असू शकते.

३. मुलांचे आपसातले वागणे. वर्गमित्राचा फोटो विचित्र करून ग्रुपवर टाकणे, टोपणनावाने चिडवणे, एकाला ग्रुपमधून वगळणे. तुमचे मूल सोसणारे असू शकते, तसेच करणारेही असू शकते.

४. पैसे आणि माहिती. गेममधली नाणी, हिरे किंवा कपडे विकत घेताना खरे पैसे जातात हे मुलाच्या लक्षात येत नाही. घराचा पत्ता, शाळेचे नाव, ओटीपी, यूपीआय पिन यांचे महत्त्वही त्याला माहीत नसते.

मुले का सांगत नाहीत?

मुलांच्या मनात साधारण तीन भीती असतात. पहिली, मोबाइल काढून घेतील. दुसरी, ओरडा किंवा मार बसेल. तिसरी, "मी काहीतरी घाण केले आहे" अशी शरम. शोषण करणारी व्यक्ती याच भीतीचा फायदा घेते. "तुझ्या आईला कळले तर ती तुलाच मारेल," हे वाक्य मुलाला गप्प बसवायला पुरते.

समजा, तिसरीतल्या मुलीने एखादा घाणेरडा व्हिडिओ दिसल्याचे सांगितले आणि तुम्ही रागाने फोन हिसकावून घेतला. तुमचा राग व्हिडिओवर होता, पण तिने धडा वेगळाच घेतला : सांगितले की शिक्षा होते. पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि पुढची वेळ जास्त गंभीर असू शकते.

म्हणून घरात एक गोष्ट ठरवून टाका आणि मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा : "फोनवर काहीही झाले, तुझ्याकडून चूक झाली असली तरी, तू येऊन सांगितलेस तर मी ओरडणार नाही. आपण दोघे मिळून ते निस्तरू." हा शब्द पाळणे पालकांना जड जाते, पण तो पाळावाच लागतो.

मुलाशी काय आणि कसे बोलावे?

एकदाच बसवून मोठे भाषण देण्यापेक्षा जेवताना, शाळेतून आणताना, झोपण्यापूर्वी पाच-पाच मिनिटे बोललेले चांगले. काही वाक्ये उपयोगी पडतील.

- "आज काय बघितलेस? मला पण दाखव ना." चौकशीचा सूर नको, कुतूहलाचा हवा.
- "गेममध्ये भेटलेला दादा खराच दादा आहे की कोणी मोठा माणूस, हे आपल्याला फोनवरून कळत नाही."
- "वाढदिवसाची गंमत थोडे दिवस लपवायची असते, नंतर सगळ्यांना कळते. पण कोणी कायमचे गुपित ठेवायला सांगितले, तर ते मला सांगायचे."
- "चड्डीच्या आतले शरीर तुझे स्वतःचे आहे. त्याचा फोटो कोणी मागायचा नाही, कोणी पाठवायचा नाही. कोणी तुला त्याचा तसा फोटो दाखवला तरी मला सांग."
- "पोटात कसेतरी झाले, भीती वाटली, की फोन उलटा ठेव आणि मला हाक मार."

शेवटची सूचना लहान मुलांना चांगली समजते. दिसलेल्या गोष्टीचे नाव माहीत नसले तरी पोटातली अस्वस्थता त्यांना ओळखता येते. फोन उलटा ठेवणे हे काम सोपे असल्याने घाबरलेल्या मुलालाही जमते. दोन-तीन वेळा खेळ म्हणून त्याचा सराव करून घ्या.

मुलींशी बोलायचे आणि मुलग्यांशी नाही, असे करू नका. मुलग्यांचेही शोषण होते, आणि त्यांना सांगायला अधिक लाज वाटते.

आजी-आजोबा, मामा, मावशी किंवा वर्गशिक्षिका यांपैकी एक व्यक्तीही ठरवा. आई-बाबांना सांगायला जड वाटले तर "आत्याला सांगितलेस तरी चालेल" ही मुभा मुलाला असावी.

घरातले नियम

नियम थोडे असावेत, आणि मोठ्यांनीही पाळता येतील असे असावेत.

- फोन, टॅब बाहेरच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात, सर्वांसमोर वापरायचा. बंद दाराआड, पांघरुणात किंवा न्हाणीघरात नाही.
- जेवताना आणि झोपण्याच्या आधी एक तास स्क्रीन बंद. रात्री सगळे फोन एका जागी चार्जिंगला.
- नवीन गेम किंवा ॲप आई-बाबांना विचारून.
- खऱ्या आयुष्यात भेटलेल्या मित्रांशीच गेममध्ये बोलायचे.
- नाव, शाळा, पत्ता, फोटो, पिन कोणालाही द्यायचा नाही.

वेळेबाबत, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १० वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोरचा वेळ दिवसाला २ तासांपेक्षा कमी असावा. मात्र सुरक्षिततेच्या दृष्टीने केवळ तास मोजणे पुरेसे नाही. एकट्याने रील बघत घालवलेली वीस मिनिटे आणि आजीबरोबर बघितलेली वीस मिनिटे सारखी नसतात.

फोनमध्ये कोणत्या सेटिंग कराव्यात?

घरात एकच फोन सगळे वापरत असतील, तर पुढील गोष्टी आधी करा.

ॲप पिन करणे. अँड्रॉइड फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ॲप पिन करण्याची सोय असते. मुलाला एक गेम किंवा एक व्हिडिओ उघडून द्यायचा आणि तो पिन करायचा. बाहेर पडताना पासवर्ड विचारावा, हा पर्यायही सुरू करा. मग मुलाला तुमचे व्हॉट्सॲप, गॅलरी किंवा बँकेचे ॲप उघडता येत नाही. आयफोनमध्ये हेच काम 'गायडेड ॲक्सेस' करते.

व्हॉट्सॲप. चॅट सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा, म्हणजे ग्रुपवरचे व्हिडिओ गॅलरीत दिसणार नाहीत. अनोळखी क्रमांकाचे कॉल 'सायलेन्स' करता येतात, आणि ग्रुपमध्ये तुम्हाला कोण घेऊ शकते हेही ठरवता येते. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम वापरण्याचे किमान वय १३ आहे. प्राथमिक शाळेतील मुलाला खोटी जन्मतारीख टाकून खाते उघडून देऊ नका.

यूट्यूब. लहान मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळे ॲप आहे. त्यात 'फक्त मंजूर केलेला मजकूर' हा पर्याय निवडला, तर तुम्ही निवडलेले व्हिडिओ आणि चॅनेलच मुलाला दिसतात. नेहमीचे यूट्यूब वापरणार असाल, तर 'रिस्ट्रिक्टेड मोड' सुरू करा आणि 'ऑटोप्ले' बंद करा.

वेगळा फोन किंवा टॅब असल्यास. अँड्रॉइडवर 'गूगल फॅमिली लिंक' हे मोफत ॲप वापरून १३ वर्षांखालील मुलाचे खाते तुमच्या खात्याशी जोडता येते. कोणते ॲप घ्यायचे याची मंजुरी, रोजची वेळमर्यादा आणि झोपेची वेळ तुमच्या हातात राहते. आयफोन, आयपॅडवर 'स्क्रीन टाइम'मध्ये या सोयी आहेत.

गेम. गेम मुलाला देण्यापूर्वी अर्धा तास स्वतः खेळून पाहा. त्यात चॅट किंवा बोलण्याची सोय आहे का, ती बंद करता येते का, हे तपासा. बंद करता येत नसेल, तर तो गेम या वयासाठी नाही असे समजा.

पैसे. प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल अशी सेटिंग ठेवा. यूपीआय पिन मुलासमोर टाकू नका. बिल भरण्याचे कामही मुलाला सांगू नका.

कोणतीही सेटिंग पूर्ण संरक्षण देत नाही. मित्राच्या घरी, शिकवणीला, शाळेच्या बसमध्ये दुसऱ्याचा फोन असतोच.

आपणही काय टाकतो?

मुलाचा गणवेशातला फोटो, त्यावर शाळेचे नाव, सोबत वाढदिवसाची तारीख आणि घराचे ठिकाण : हे सारे बऱ्याचदा पालकच टाकतात. एवढ्या माहितीवर अनोळखी माणूस मुलाशी ओळखीचा असल्यासारखे बोलू शकतो. अंघोळीचे किंवा कमी कपड्यातले फोटो, मूल कितीही लहान असले तरी, स्टेटसला ठेवू नका. फोटो टाकण्यापूर्वी मुलाला विचारा. त्यातून त्यालाही "माझा फोटो माझ्या परवानगीने" हे कळते.

काही घडलेच तर?

मुलाने सांगितले की पहिली काही मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात.

१. चेहरा आणि आवाज शांत ठेवा. "सांगितलेस ते फार चांगले केलेस. यात तुझी चूक नाही," हे आधी म्हणा.
२. पोलिसांसारखी उलटतपासणी करू नका. "मग काय झाले?" एवढेच विचारा. मूल स्वतःच्या शब्दांत सांगेल तेवढे लिहून ठेवा. तेच पुन्हा पुन्हा, प्रत्येक नातेवाइकासमोर वदवून घेऊ नका.
३. चॅट पुसू नका, ॲप काढून टाकू नका. संदेश, समोरच्याचे खाते, क्रमांक, लिंक, तारीख आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर त्या खात्याची ॲपकडे तक्रार करून ते ब्लॉक करा.
४. मुलाचे नग्न किंवा अश्लील चित्र असेल, तर पुरावा म्हणूनसुद्धा ते कोणाला पाठवू नका, शाळेच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. अशी चित्रे पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आणि पॉक्सो कायदा, २०१२ या दोन्हींखाली गुन्हा आहे. फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.
५. धमकी देणाऱ्याला पैसे किंवा आणखी फोटो देऊ नका. दिल्याने मागणी थांबत नाही.

मदत कुठे मिळेल?

- १०९८ : चाइल्डलाइन. चोवीस तास, मोफत. मूल स्वतःही फोन करू शकते.
- ११२ : तातडीचा धोका असल्यास.
- १९३० : सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन. पैसे गेले असतील तर इथे आणि बँकेला लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.
- राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) : मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते.
- टेक इट डाउन : १८ वर्षांखालील व्यक्तीचे नग्न चित्र इंटरनेटवरून काढण्यासाठी मोफत सेवा. मूळ चित्र तुमच्या फोनबाहेर जात नाही. त्याचा केवळ सांकेतिक ठसा सहभागी कंपन्यांना दिला जातो.
- १४४१६ : टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी मोफत हेल्पलाइन. मराठीतही बोलता येते.

मुलाला पोलीस ठाण्यात जावे लागेल, बदनामी होईल, या भीतीने अनेक कुटुंबे गप्प राहतात. पॉक्सो कायद्यात याचा विचार केलेला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास बंदी आहे. तसेच असा गुन्हा माहीत झाल्यावर तो कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. हे बंधन डॉक्टर आणि शिक्षकांवरही आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

मूल सांगत नसले तरी त्याचे शरीर आणि वागणे सांगते. पुढील बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा :

- झोप न लागणे, रात्री दचकून उठणे, एकटे झोपायला घाबरणे
- सुटलेली अंथरुणात लघवी करण्याची सवय पुन्हा सुरू होणे
- शाळेच्या वेळी पोटदुखी, डोकेदुखी, सुट्टीत मात्र काही नाही
- फोन वाजला की दचकणे, कोणी आले की स्क्रीन लपवणे
- खेळ, मित्र, आवडीचे खाणे यांतून मन उडणे, अभ्यासात अचानक घसरण
- वयाला न शोभणारे लैंगिक शब्द किंवा खेळ

या प्रत्येक लक्षणाची इतर कारणेही असतात, त्यामुळे लगेच निष्कर्ष काढू नका. मात्र मूल स्वतःला इजा करत असेल किंवा "मला जगायचे नाही" असे म्हणत असेल, तर एक दिवसही थांबू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. शरीराला हात लावला गेल्याची शंका असेल, तर आंघोळ घालण्यापूर्वी आणि कपडे न धुता रुग्णालयात न्या.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

माझ्या मुलाने अश्लील व्हिडिओ पाहिला. तो बिघडेल का?
एकदा चुकून दिसल्याने मूल बिघडत नाही. ते गोंधळते किंवा घाबरते. "ते मोठ्यांसाठी केलेले खोटे चित्रण आहे, तुझ्यासाठी नाही. तुला काय वाटले?" असे विचारा आणि त्याला बोलू द्या. ते व्हिडिओ कोणी मुद्दाम दाखवत असेल, तर ती बाब गंभीर आहे. वर दिलेल्या क्रमांकांवर मदत घ्या.

मुलाचा फोन गुपचूप तपासावा का?
या वयात फोन तपासणे योग्य आहे, पण गुपचूप नको. "रविवारी आपण दोघे मिळून फोन बघायचा" असे आधीच सांगून ठेवा.

माझेच मूल दुसऱ्याला चिडवत होते.
मार देऊन काही शिकवता येत नाही. टाकलेले काढायला लावा, समोरच्या मुलाची माफी मागायला लावा, आणि त्याला स्वतःला कोणी असे केले आहे का हेही हळूच विचारा.

थोडक्यात

- सेटिंग आवश्यक आहेत, पण मुलाचे सांगणे अधिक महत्त्वाचे आहे.
- सांगितल्याबद्दल शिक्षा करू नका.
- गुपित ठेवायला सांगणे आणि दुसऱ्या ॲपवर बोलावणे या धोक्याच्या खुणा आहेत.
- पुरावा पुसू नका, अश्लील चित्र पुढे पाठवू नका.
- १०९८ आणि १९३० हे क्रमांक आजच फोनमध्ये साठवा.

आज रात्री झोपण्यापूर्वी मुलाला एकच प्रश्न विचारा : "फोनवर कधी काही बघून तुला भीती वाटली होती का?" उत्तर काहीही आले, तरी आधी ऐकून घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या मुलाबाबत शंका असल्यास बालरोगतज्ज्ञांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा प्रत्यक्ष सल्ला घ्यावा.)